काकांनी, काकांनी, काकांनी

पुतण्याचं लग्न ठरलं आणि मंगलाष्टक रचण्याचं काम आपसूक माझ्याकडे आलं. आपसूक म्हणजे, मी तीनदा विषय काढल्यावर.

मंगलाष्टकांचं नेहमीचं वृत्त शार्दूलविक्रीडित. म स ज स त त ग, ओळीत 19 अक्षरं, बाराव्यावर यती. नावाचा अर्थच वाघाचा खेळ. आरंभी मगण, म्हणजे सलग तीन गुरू हवेत. बोटांवर मोजत बसलो आणि शब्द सापडला: ‘काकांनी’. का, कां, नी. तिन्ही गुरू!

नमुना हवा म्हणून केशवसुतांची ‘आम्ही कोण?’ उघडली. वृत्त हेच. शीर्षकातच आ, म्ही, को असे तीन गुरू छाती काढून उभे. चौदा ओळींचं सुनीत. शेवटच्या दोन ओळींत यमक जुळतंच, पण दरारा बसतो तो दोन्ही ओळी त्याच शब्दांनी सुरू होतात म्हणून. मीही पुनरुक्ती धरली. काकांनी स्थळ आणलं, काकांनी हॉल ठरवला, काकांनी आचारी गाठला. एका ओळीत यतीनंतर लगेच ‘नाका’ आला, तर पुढच्या ओळीत त्याच जागी यमकाला ‘काका’ धावून आले.

रात्री बायकोला चालीवर म्हणून दाखवलं. बाराव्या अक्षरावर थांबून मिशीवरून हातही फिरवला. तिने पेन्सिल घेतली.

“काका सहा वेळा. नवरी एकदाच, तीसुद्धा ‘काकांनी पाहिलेली’ म्हणून.”

“पुनरुक्ती केशवसुतांनीही केलीय.”

“त्यांच्या ‘आम्ही’त झाडून सगळे कवी मावतात. तुमचे काका एकटेच.” तिने कपाटातून ‘झेंडूची फुले’ काढून पुढ्यात ठेवलं. अत्र्यांनी ‘केशवकुमार’ होऊन याच कवितेचं विडंबन केलं. नाव तेच, वृत्त तेच. फक्त ‘आम्ही’च्या जागी मासिकात फोटो छापून आल्याच्या तोऱ्यातला कवी बसवला. गुरू-लघू जागच्या जागी राहिले आणि वाघाचं मांजर झालं.

“पण वृत्त तर चुकलं नाही ना?” मी चाचरत विचारलं.

“छे! ‘मी मी मी’ हाही मगणच की. आणि शेवटी तो ‘ग’ येतो ना, त्याची तेवढी बाधा झालीय.”

मग तिने काका खोडायला घेतले. काकांबरोबर हॉल गेला, आचारी गेला, नाकाही गेला. उरली शेवटच्या पालुपदाची सात अक्षरं. वृत्तात चोख होती. पण ती माझी नव्हती.