ट्यूबवाले मामा

पैनगंगा घ्या, पूर्णा घ्या की कयाधू घ्या, हिंगोली जिल्ह्यातल्या नदीकाठच्या गावात एक ट्यूबवाले मामा सापडतातच. मासेमारी हा त्यांचा धंदा नव्हे. घरी दुकान असतं, शेती असते, क्वचित पेन्शनही असते. मासे म्हणजे निव्वळ हौस, आणि ट्रकच्या चाकातली जुनी ट्यूब म्हणजे नाव. मधे सुतळीनं विणलेली बैठक, पाय पाण्यात, हातात गळ आणि वल्ह्याच्या जागी पायातल्याच दोन चपला.

तयारी बघावी तर मामांची. निघण्याआधी ट्यूब हौदात बुडवून बुडबुडे बघतील, कारण बाभळीच्या काट्यावर त्यांचा जन्माचा संशय. मोबाइल तीन पिशव्यांत. तंबाखूची डबी टोपीत. गांडुळं ओल्या मातीत, सावलीला. जपायचा राहतो तो फक्त जीव. जॅकेटचं नाव काढलं की म्हणणार, "ते शहरातल्या लोकायचं." पोहता येतं का विचारावं, तर "पोहणाराच बुडतो, भाच्या!"

इसापूरच्या जलाशयात, वारा पडलेल्या सकाळी, काठाच्या आसपास हे सगळं एकवेळ खपून जातं. पण मामांना थांबलेलं पाणी अळणी लागतं. पावसाळ्यात मासा धारेविरुद्ध वर चढतो आणि धरणाच्या भिंतीशी अडतो, त्यामुळे सिद्धेश्वरच्या दरवाजांखाली मासळी दाटते, हे त्यांना पक्कं ठाऊक. म्हणून 'नदीकाठच्या गावांनी सतर्क राहावे' असा निरोप आला की गाव जनावरं वर घेतं आणि मामा ट्यूब खाली घेतात.

"दोन हजार क्युसेकच तर सोडलंय!"

एक क्युसेक म्हणजे सेकंदाला 28 लिटर, धरा दोन घागरी. म्हणजे दर सेकंदाला चार हजार घागरी, आणि त्यात मामा. शिवाय वर येलदरी भरून तिथले दरवाजे उघडले की खालचा आकडाही वाढतो. ते मामांना कळणार कसं? मोबाइल तीन पिशव्यांत. ज्यांचं पोटच या पाण्यावर आहे ते भोई पाण्याचा रंग पालटला, काडीकचरा वाहू लागला, की जाळं गुंडाळून काठावर येतात. मामा त्यांना भित्रे म्हणतात.

मग दोर निघतो. एक टोक बाभळीला, दुसरं ट्यूबला आणि वरचं शहाणपण म्हणून एक वेढा कमरेला. खरा घात इथेच. धारेचा वेग दुप्पट झाला की ओढ चौपट होते. बांधलेली ट्यूब तरंगायचं सोडून पाण्याखाली तोंड घालते, आणि ओल्या दोराची ताणलेली गाठ सुटत नाही. पाय बुडालेल्या झुडपात किंवा तुटक्या जाळ्यात गुंतला तर आणखी पंचाईत. बरं, न बांधावी तर चपलांनी धार कापता येत नाही.

"पाणी मह्या वळखीचं हाय," मामा सांगतात.

"पाण्याला तुमी वळखीचे हायत का?" मामी विचारतात. पूरनियंत्रणाचं एवढं नेमकं वाक्य मी कुठल्या सरकारी फलकावर वाचलेलं नाही.

मामा तुम्हालाही बोलावतील. ट्रकची ट्यूब, दोघं मावतात म्हणतील. तळ्यावर बोलावलं तर जॅकेट घालून जा. नदीत विसर्ग चालू असेल तर साफ नाही म्हणा. आणि मामा वाहताना दिसलेच, तर मागोमाग उडी मारू नका. काठावरूनच दोर किंवा झाकण घट्ट लावलेला रिकामा कॅन फेका आणि लगेच 112 ला फोन करा.