खोऱ्यात सायकल घालण्यापूर्वी

पहिली गोष्ट, ग्रॅव्हल सायकलिंगमधलं ग्रॅव्हल म्हणजे खडी. जिच्यावर मामांची स्कूटर घसरली आणि जिच्याविरुद्ध गावानं ग्रामसभेत दोनदा ठराव केला, तीच खडी. आता तिच्यावरून मुद्दाम, लाखभर रुपये खर्चून, तंग चड्डी घालून जायचं आहे. बिचकू नका. अमेरिकेत कॅन्ससमधल्या एम्पोरिया गावी २००६ पासून लोक प्रवेश फी भरून हेच करतात. तिथली मुख्य शर्यत २०० मैलांची, म्हणजे जवळपास ३२० किलोमीटरची. आपल्याकडे फी नाही. कंत्राटदारानं बिल आधीच उचललेलं असतं.

सायकल अशी घ्या की हँडल रेसरसारखं खाली वळलेलं असेल आणि टायर चाळीस मिलिमीटरच्या आसपास जाड. शर्यतीच्या सायकलीचा टायर २५ ते २८ मिलिमीटर, डोंगरी सायकलीचा पन्नासच्या पुढं. आपण मधले. डांबरावर रेसरवाले आपल्याला मागं टाकणार, दगडधोंड्यांत डोंगरी सायकलवाले. दोघांनाही मागून ओरडून सांगायचं, "माझी दोन्हीकडं चालते!"

हवेबद्दल गावोगावी वाद होईल, तयारी ठेवा. सत्तर किलोच्या माणसाला या टायरात पस्तीसेक पीएसआय पुरते. टायर थोडा दबला, की तो खडीला धरून चालतो. टणक राहिला, तर प्रत्येक दगडावरून उडतो आणि तो दगड थेट मणक्यात जाऊन बसतो. हे पंक्चरवाल्याला सांगू नका. तो अंगठ्यानं टायर दाबून तुमच्याकडं दयेनं बघेल आणि "कडक मारून देतो" म्हणेल. सुदैवानं त्याच्या पंपाचं तोंड तुमच्या बारीक व्हॉल्व्हला बसत नाही. ते बसवणारं पितळी अडॅप्टर खिशात असू द्या, पण गरज पडेपर्यंत दाखवू नका.

आता दगड. सह्याद्रीचा हा काळा पत्थर साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा आहे. तो आपसूक कुजला की मुरूम आणि क्रशरमध्ये फोडला की खडी, एवढं भूगर्भशास्त्र नवशिक्याला पुरे. मुरमावर चाक खुसखुसतं. तो दाबलेला आणि किंचित ओला असेल, तर यापरता रस्ता नाही. बारीक कच वळणावर पडलेली असेल, तर ब्रेक वळणाआधी संपवा, वळणात लावू नका. चाळीस एमएमची सुटी खडी नुकतीच पसरलेली आणि रोलर अजून "येतोय" असेल, तर हँडल सैल धरा, जड गियरवर पाय चालू ठेवा, नजर पुढं ठेवा. डबर दिसलं तर उतरा. डबरावरून सायकल चालवतानाचे व्हिडिओ असतात. त्यानंतरचे नसतात.

वाट कुठली? पुणेकर नवशिक्यानं लांब जायचं कारण नाही. सिंहगडामागचा सगळा मुलूख नद्यांच्याच नावानं ओळखला जातो: मुठेचं मुठे खोरं, मोसेचं मोसे खोरं, कानंदीचं कानद खोरं, गुंजवणीचं गुंजण मावळ. हे ऐकून नवशिक्याला वाटतं, नदीकाठानं जायचं तर सपाटीच असणार. खडकवासल्यापर्यंत हा समज टिकतो.

पुढं मोसेवर वरसगाव धरण आहे आणि आंबीवर पानशेत. खोऱ्याच्या तळातली जुनी, नदीच्या चालीनं हळूहळू चढणारी वाट या धरणांच्या पोटात गेली. आत्ताचा रस्ता डोंगराच्या कुशीला चिकटलेला आहे. वरून उतरणाऱ्या प्रत्येक ओढ्यासाठी तो आत वळतो, खाली उतरतो, मोरी ओलांडतो आणि पुन्हा वर येतो. डाव्या हाताला पाणी आरशासारखं सपाट असतं आणि तुम्ही दिवसभरात सिंहगडाइतकं चढलेले असता, तेही पाच-पाच मीटरच्या हप्त्यांत. धरणाकाठचा रस्ता ठरवताना नकाशावरची निळी कडा बघू नका, तिला मिळणारे ओढे मोजा. या लेखातली कामाची गोष्ट हीच.

खोरं बदलायचं असेल, तर खिंड आली. खानापूरहून पाबे घाट चढलात की मुठेचं पाणी पाठीमागं राहतं आणि समोर तोरणा उभा राहतो, १,४०३ मीटर. खालचं वेल्हं कानंदीच्या खोऱ्यात आहे. नदी तुमच्याकडून चढ हप्त्यानं घेते, खिंड सगळा एकदम मागते. पुढं चाळीस आणि मागं बेचाळीस दात्यांचं चक्र असलं तर बसून चढाल. नसलं तर माथ्याअलीकडं "फोटोसाठी" उतरायची सोय आहे, सगळेच वापरतात.

डांबर सोडायचं ते वेल्ह्यानंतर, पाणंदींत आणि वाड्यावस्त्यांच्या वाटांत. इथं मोबाइलवर विसंबू नका. त्याला पाणंद, ढोरवाट आणि ओढ्याचं पात्र यांतला फरक कळत नाही. मला त्यानं एकदा थेट भातखाचरात नेऊन "आपण पोहोचलात" म्हणून सांगितलं होतं. माणसांना विचारा, पण उत्तराचा अर्थ लावून घ्या. "हितंच" म्हणजे दिसत नाही, पण आहे. "गाडी जाती" यातली गाडी ट्रॅक्टर असते. "जाईल की!" म्हणजे तो स्वतः कधी गेलेला नाही.

ऑक्टोबर ते फेब्रुवारी जा. मार्चनंतर फुफाटा आणि राब भाजल्याचा धूर. पावसाळ्यात भाताच्या बांधावरचा चिखल चाकात आणि फ्रेममध्ये असा बसतो की सायकल खांद्यावर घ्यावी लागते, आणि चिखलासकट ती दुप्पट जड असते. शिवाय फरशी पूल. त्या भागातल्या अशाच एका पुलावर पाणी घोट्याएवढं होतं आणि शेवाळ नखाएवढं. मी पाण्याचा विचार केला. धुणं धुणाऱ्या दोघींनी मला उठू दिलं, सायकल बाहेर येऊ दिली, मग एकजण म्हणाली, "तिथं उतरून ढकलत न्यायची असती, भाऊ. आमची बारकी पोरं बी तशीच नेत्यात." कोपराला टाके चार पडले. सल्ला आधी मिळाला असता, तर लागलं नसतं असं मी सांगत असतो, पण मी ऐकला नसता.

टपरीवर चहा येण्याआधी प्रश्न येईल, "केवढ्याला?" घरी सांगितलेल्या किमतीच्या निम्मी सांगा. मी एकदा बावीस हजार म्हणालो. शेजारचे आजोबा बराच वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "फसवलं तुमाला. एवढ्यात जुनी स्प्लेंडर आली असती."

राहता राहिला परतीचा प्रश्न. अंधार पडायला आला आणि पाय उचलत नसले, तर डेअरीपाशी जाऊन थांबा. संध्याकाळचं दूध घेऊन पिकअप पुण्याकडं निघतं. कॅनच्या मधोमध सायकल बसते. ड्रायव्हर पैसे घेत नाही, त्याला वाटेत मिसळ खाऊ घाला.