डीप-सी साहेब

डिसेंबरच्या सुट्टीत मालवणला उतरलेले हे गृहस्थ लांबूनच ओळखू येतात. मानेवर झालर लोंबणारी टोपी, अंगात खिसेच खिसे असलेली बंडी आणि त्यातल्या एकाही खिशात सुटे पैसे नाहीत. बायको-मुलांना सिंधुदुर्ग किल्ला बघायचा असतो, साहेबांना 'डीप-सी फिशिंग' करायचं असतं. त्याची वर्दी पुण्यातल्या सोसायटीच्या वॉचमनपर्यंत आधीच पोचलेली असते.

आता यातलं 'डीप' किती? कोकणासमोर समुद्राचा उथळ तळ फार लांबवर पसरलाय. विजयदुर्गच्या पश्चिमेला शंभरएक किलोमीटरवर, जिथे तो संपत येतो, तिथे आंग्रिया बँक हे पाण्याखालचं प्रवाळाचं पठार आहे. खरा खोल समुद्र त्याच्याही पुढे. साहेबांची होडी नांगर टाकते आठ-दहा वाव पाण्यात, म्हणजे पन्नास-साठ फुटांवर. तिथून किल्ल्याचा तट स्वच्छ दिसतो आणि मोबाइलला रेंजही असते. मेव्हण्याला व्हिडिओ कॉल लावून 'चारी बाजूंना नुसतं पाणी' असं सांगताना साहेब फोन तेवढा किल्ल्याकडे वळू देत नाहीत.

पहाटे जमिनीवरून मतलई वारा वाहतो, तेव्हा पाणी निवांत असतं. तांडेल सहाला बोलावतो तो त्यासाठी. साहेब घावणे-चटणी आटोपून साडेआठला येतात.

होडीत दोन संस्कृती समोरासमोर बसतात. साहेबांकडे ऑनलाइन मागवलेला रॉड, चकचकीत रीळ आणि प्लॅस्टिकचे रंगीत खोटे मासे. तांडेलाकडे पाण्याच्या रिकाम्या बाटलीला गुंडाळलेला तंगूस, टोकाला शिशाचं वजन, दोन गऱ्या आणि कोळंबीचे तुकडे. तो दोरी तर्जनीवर घेतो आणि गप्प बसतो. खाली मासा नुसता हुंगून गेला तरी त्या बोटाला कळतं. रॉडला काही कळत नाही, कारण त्याचा दोर एव्हाना इंजिनच्या पंख्यात अडकलेला असतो.

"पापलेट मिळेल ना?" साहेब विचारतात.

"पापलेट गरीक लागणा नाय, सायबांनू. तां जाळ्यात गावता."

पापलेट 2023 साली महाराष्ट्राचा राज्यमासा झाला, हे साहेबांना पाठ असतं. तो कसा धरतात, हे नाही. वाचन मात्र दांडगं. हेमिंग्वेची ती गोष्ट त्यांनी पु. लं.च्या अनुवादात, 'एका कोळियाने'मध्ये, वाचलेली असते आणि ते ती तांडेलालाच समजावून सांगतात. त्यातला म्हातारा 84 दिवस मासा न मिळूनही समुद्रावर जातो. साहेब विसाव्या मिनिटाला घड्याळ बघतात.

इंजिन बंद करून उभी असलेली होडी चालत्या होडीपेक्षा जास्त डोलते. मान खाली घालून गुंता सोडवणाऱ्याच्या डोळ्यांना होडी स्थिर वाटते, कानाच्या आतला तोल मात्र हलतंय म्हणून ओरडत असतो. या भांडणाचा निकाल पोटात लागतो. "खाली बघू नकात, किल्ल्याकडे बघा," असं तांडेल सांगेपर्यंत घावणे समुद्रार्पण झालेले असतात. गंमत म्हणजे गरी नेमकी त्यानंतर हलते.

वर येतो शेंगाळा. मिशा फेंदारून, काटे ताठ करून. साहेब फोटोसाठी हात पुढे करतात, तो तांडेल मागे ढकलतो. त्या काट्याला विष असतं आणि तो लागला की ठणका काही तास उतरत नाही. चपलेखाली मासा दाबून तो गरी सोडवतो. एवढी एकच गोष्ट साहेब मनापासून, तोंड न उघडता बघतात.

संध्याकाळी बंदरावर लिलावातली चार किलोची सुरमई दोन्ही हातांनी छातीशी धरलेला त्यांचा फोटो सोसायटीच्या ग्रुपवर येतो. सुरमईचे पैसे बायकोने दिलेले असतात. वाचकांनी शंका काढू नयेत, अंगठा दाखवून मोकळं व्हावं. फक्त 1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारी बंदी असते. त्या दिवसांत 'आजच पकडली' म्हणून असा फोटो आला, तर तो डिसेंबरातलाच समजावा.