पट्टा, रिओ आणि माईंची परात

कढीपत्त्याच्या चार काड्या मागायला म्हणून भिंतीपाशी गेले आणि पाऊण तासानं परत आले. फोडणी करपली नाही, कारण ती टाकायलाच मी घरात नव्हते.

आमच्या आणि माईंच्या अंगणात छातीइतकी विटांची भिंत आहे. तिला आम्ही दोघी कुंपण म्हणतो. भिंत म्हटलं की उगाच वाटण्या झाल्यासारखं वाटतं. भिंतीवर माईंची परात, परातीत मेथी, आणि मेथीशेजारी मोबाइल. पलीकडे पायरीवर अण्णा पेपर उघडून बसलेले. कोल्हापुरात अण्णांच्या वयाची माणसं पेपर शेवटच्या पानापासून वाचतात, कारण कुस्तीची बातमी तिथं असते.

"हे बघ," माईंनी मोबाइल पुढं केला. न्यू जर्सीतल्या नातवाचा फोटो. खांद्यावर पांढऱ्या कातड्याचा पट्टा, मधोमध थाळीएवढं सोनेरी ताट. "वाढदिवसाला घेतलाय म्हणं. डब्ल्यूडब्ल्यूईचा इंटरकॉन्टिनेन्टल."

पायरीवरून आवाज आला, "पट्टा कुत्र्याच्या गळ्यात असतो. पैलवानाच्या खांद्यावर गदा असते."

"अहो, तिथल्या मालकालाबी 'बेल्ट' शब्द चालायचा नाही. विन्स मॅकमहनचा निवेदकांना हुकूमच होता, चॅम्पियनशिप म्हणा. तुमचं नि त्याचं जमलं असतं."

मी थक्क. माईंना साड्यांचे पोत कळतात, कुणाच्या घरी कुणाचं जमत नाही ते कळतं, हे ठाऊक होतं, पण हे? तर नव्वदच्या दशकात केबल आली तेव्हा यांची दोन पोरं कुस्तीचे पत्ते खेळायची. उंची, वजन, छाती, दंड, किती लढती लढला नि किती जिंकला, सगळं पत्त्यावर छापलेलं. टीव्हीवर ती कुस्ती लागल्याशिवाय पोरांच्या तोंडात घास जायचा नाही. भरवता भरवता माईंचा अभ्यास झाला. आता नातू फोनवर राहिलेला भाग पुरवतो.

"नुरा कुस्ती," अण्णा म्हणाले. आमच्याकडं आधी ठरवून खेळलेल्या कुस्तीला हाच शब्द, आणि हल्ली तो राजकारणातच जास्त वापरला जातो.

"नुराच की. पण त्या पट्ट्याचा जन्मच कसा झाला, ते ऐक पोरी." माई परातीवर वाकल्या. ही त्यांची खास पोज. एरवी कुणाचं लग्न मोडलं तरच त्या एवढ्या वाकतात.

गोष्ट 1979 ची. पॅट पॅटरसन हा मूळचा माँट्रियलचा, पियेर क्लेरमाँ या नावाचा माणूस. त्याच्याकडं आधी नॉर्थ अमेरिकन नावाचा एक किताब होता. सप्टेंबरात या कुस्त्या भरवणाऱ्या कंपनीनं जाहीर केलं की, गडी ब्राझीलला गेला, रिओ दि जानेरोत मोठी स्पर्धा झाली, तिथं यानं दक्षिण अमेरिकेचा किताब जिंकला, दोन्ही खंड एक झाले, आणि म्हणून हा पहिला इंटरकॉन्टिनेन्टल चॅम्पियन.

"मग?"

"मग काय! स्पर्धा झालीच नव्हती. ना कुणी रिओला गेलं, ना कुणी लढलं. पाळणा हलला नाही आणि बारशाच्या घुगऱ्या वाटून मोकळे."

आणि गंमत म्हणजे ही थापसुद्धा नवी नव्हती. याच कंपनीच्या थोरल्या किताबाचा पहिला मानकरी बडी रॉजर्स. 1963 साली त्याच्याबद्दलही हेच सांगितलं होतं, रिओत स्पर्धा जिंकून आला म्हणून! त्या वर्षी 17 मे रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये ब्रूनो सामार्टिनोनं त्याला 48 सेकंदांत लोळवलं आणि पुढं जवळजवळ आठ वर्षं किताब स्वतःकडं ठेवला, ते खरं. पण त्याआधीचं रिओ हवेतलं. सोळा वर्षांनी धाकट्या किताबाच्या वेळी दुसरं गावसुद्धा शोधलं नाही. मला वाटतं, हा आळस नसावा. लांबचं आणि कुणी जाऊन बघणार नाही असं गाव एकदा सापडलं, की माणूस ते सोडत नाही. आमच्या नात्यातले एक काका सगळ्या अडचणींना 'नागपूरला गेलो होतो' हेच उत्तर द्यायचे.

"पण त्या पॅटरसनचं खरं काय होतं, ते ऐक," माईंचा आवाज उतरला. "त्याचा एक जोडीदार होता, लुई. चाळीस वर्षं दोघं एकत्र राहिले. धंद्यातल्या लोकांना ठाऊक, पण बाहेर चकार शब्द नाही. 1998 ला तो लुई गेला. आणि यानं टीव्हीवर सगळ्यांसमोर सांगितलं ते 2014 ला. म्हणजे बघ, रिओची खोटी स्पर्धा गावभर सांगायची आणि घरातला खरा माणूस झाकून ठेवायचा."

मेथीच्या दोनतीन काड्या न बोलता खुडल्या गेल्या. अण्णांच्या पेपराचं पान उलटलं नाही, हे मी पाहिलं.

पॅटरसनकडून 1980 च्या एप्रिलमध्ये केन पटेरानं पट्टा घेतला, मग पेद्रो मोरालेस, डॉन मुराको, टिटो सान्ताना अशी रांग लागली. ती माईंनी पूर्वजांची नावं घेतात तशी एका दमात उरकली. थांबल्या त्या 1985 च्या जुलैवर. बाल्टिमोरमध्ये लोखंडी पिंजऱ्यात ग्रेग व्हॅलेन्टाईन आणि सान्ताना. व्हॅलेन्टाईन हरला, आणि रागाच्या भरात त्यानं पट्टाच त्या पिंजऱ्यावर आपटून आपटून मोडला.

"मोडला?" हे अण्णा.

"तुम्ही पेपर वाचा." आणि मग माईंनी विषय बदलला, कारण त्यांना रँडी सॅव्हेज आणि एलिझाबेथवर यायचं होतं. मला आधीच कळायला हवं होतं. एवढी सगळी प्रस्तावना त्यासाठीच होती.

सॅव्हेजनं 1986 च्या फेब्रुवारीत बॉस्टनला चड्डीत लपवलेला लोखंडाचा तुकडा वापरून सान्तानाकडून पट्टा नेला. त्याच्याबरोबर रिंगपर्यंत यायची ती एलिझाबेथ. झुळझुळीत गाऊन, मान खाली, एक शब्द बोलायची नाही. लोकांना सांगितलेलं, ही त्याची मॅनेजर. तो तिच्यावर खेकसायचा आणि पब्लिकचा जीव तिच्यासाठी तुटायचा. जॉर्ज स्टील नावाचा एक केसाळ पैलवान तर तिच्या प्रेमातच पडल्याचं दाखवलं होतं.

"आणि ती त्याची लग्नाची बायको होती गं! 1984 ला लग्न झालेलं. कंपनीनं चकार शब्द सांगितला नाही. मग 1991 च्या ऑगस्टात त्याच मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये मांडव घातला, पांढरा पोशाख, फुलं, पाहुणे, सगळं. टीव्हीवर लग्न. सात वर्षं झालेल्या नवराबायकोचं!"

"आणि मग?"

"मग काय, पुढच्या वर्षी खरा घटस्फोट."

माईंनी हात झटकले. मी विचारलं, तुम्हाला हे तेव्हाच कळलं होतं का? "कुठलं! मी तर ते लग्न बघून रडले होते. हे हसले मला."

"हसलो नाही," पायरीवरून आवाज, "खोकलो होतो."

या सॅव्हेजची एक कुस्ती मात्र माईंनी सोडली नाही, आणि मीही सोडणार नाही. 29 मार्च 1987, पाँटियाकचं सिल्व्हरडोम, समोर रिकी स्टीमबोट. कंपनीनं त्या दिवशी 93,173 प्रेक्षक जाहीर केले. आकड्यावर अजून वाद घालणारे लोक आहेत आणि रिओचा अनुभव पाहता त्यांना दोष देता येत नाही. लोक आले होते हल्क होगन आणि आंद्रे द जायंटसाठी. पण नाव राहिलं या दोघांचं. सॅव्हेजनं अख्खी कुस्ती कागदावर लिहून काढली होती, डावाला डाव, आकडे घालून. दोघं एकमेकांची परीक्षा घ्यायचे, अमुक नंबरनंतर काय येतं ते सांग. त्या वेळी बाकीचे पैलवान सुरुवात आणि शेवट ठरवून मधलं रिंगमध्येच जुळवायचे, त्यामुळं हे वेडच होतं. मी ती कुस्ती रात्री फोनवर पाहिली. ती लिहिलेली वाटत नाही. तीन आकडे मोजायला पंच खाली बसतो आणि दोनवर खांदा उचलला जातो, पुन्हा बसतो, पुन्हा उचलला जातो. आणि पुढं काय होणार हे ठाऊक असून मी उशी घट्ट धरली होती. पाठांतर एवढं पक्कं झालं की ते पाठांतर दिसत नाही, हे मी फक्त चांगल्या कीर्तनकाराकडं पाहिलंय.

स्टीमबोट जिंकला. आणि दोन महिन्यांत पट्टा गेला. का?

"बायको बाळंत होणार होती. त्याला घरी राहायचं होतं," माई म्हणाल्या. "सुट्टी मागितली. पट्टेवाल्यानं सुट्टी मागायची नसते. घेतला काढून."

इथं माझ्या डोक्यात काहीतरी जुळलं. पट्टा कुणाकडं गेला हे रिंगमध्ये दिसतं, पण का गेला याचं उत्तर बहुतेक वेळा कुणाच्या तरी स्वयंपाकघरात असतं. आणि स्वयंपाकघरातली उत्तरं कुंपणावरच मिळतात.

तर 2 जून 1987 ला पट्टा आला हाँकी टाँक मॅनकडं. एल्व्हिस प्रेस्लीसारखे कल्ले, चकचकीत कपडे, हातात गिटार. गाणं बेसूर, कुस्ती बेताची, आणि स्वतःच स्वतःला आजवरचा सर्वश्रेष्ठ इंटरकॉन्टिनेन्टल चॅम्पियन म्हणवून घ्यायचा. त्यानं पट्टा 454 दिवस ठेवला! गुपित नियमात होतं. चॅम्पियनची पाठ टेकली किंवा त्यानं हार कबूल केली तरच पट्टा जातो. तो नियम मोडून बाद झाला, किंवा रिंगबाहेर पळून मोजणी संपेपर्यंत आत आलाच नाही, तर कुस्ती हरतो, पट्टा घरी नेतो.

"म्हणजे मारामारी करायची आणि पळायचं," मी म्हटलं.

"पागडीच्या खोलीतला भाडेकरू बघ. मालक केस जिंकतोय, हा खोली सोडत नाही."

शेवटी 29 ऑगस्ट 1988 ला ठरलेला प्रतिस्पर्धी आला नाही, तेव्हा यानं तोऱ्यात माइकवर सांगितलं, कुणालाही पाठवा. आला अल्टिमेट वॉरियर, धावतच. जेमतेम अर्ध्या मिनिटात सव्वा वर्षाचा भाडेकरू सामानासकट बाहेर. माईंनी हे सांगताना मेथीची जुडी परातीत अशी आपटली, की दोन पानं माझ्या अंगणात आली.

पुढची काही वर्षं त्यांनी भराभर पळवली. शिडीवर चढून पट्टा काढायची ती 1994 ची रेझर रेमन नि शॉन मायकल्सची झुंज मात्र 'पोरांनी आमच्या माळ्याच्या शिडीवर करून बघितली' या कारणासाठी सांगितली. प्लास्टर सहा आठवडे. मग 2002 ला पांडाचं चिन्ह असलेल्या वन्यजीववाल्या संस्थेशी कोर्टात हरून कंपनीला नावातलं एक अक्षर बदलावं लागलं, तेही.

आणि चायना. माईंची लाडकी. 17 ऑक्टोबर 1999, क्लीव्हलँड. जेफ जॅरेट बायकांची जागा घरात आहे असं म्हणत हिंडत होता, म्हणून कुस्तीच घरातल्या वस्तूंची ठेवली. भांडीकुंडी, अंडी, पीठ, हाताला लागेल ते हाणायचं. मध्येच जॅरेटनं तिला पट्टा मारून चीत केलं. पंच म्हणाला, पट्टा ही घरातली वस्तू नाही, कुस्ती पुन्हा सुरू. मग तिनं गिटार हाणली आणि इंटरकॉन्टिनेन्टल जिंकणारी पहिली बाई झाली.

"गिटार घरातली वस्तू कशी?" मी विचारलं.

"आमच्या घरी नाही, पण लाटणं आहे," माई अण्णांकडं न बघता म्हणाल्या.

अण्णांनी आता पेपर मांडीवर ठेवला होता. त्यांचं म्हणणं त्यांनी मांडलं: महाराष्ट्र केसरीची गदा 1961 पासूनच्या परंपरेची, आणि ती ज्यानं जिंकली त्याच्या घरात राहते. दरवर्षी नवी. असा एकच दागिना दहा जणांच्या अंगावर फिरत नाही.

"म्हणून तर गोष्टी होतात," माई म्हणाल्या. "फिरत्या दागिन्याच्याच होतात."

हाँकी टाँकचा 454 चा विक्रम पस्तीस वर्षं टिकला. तो मोडला गुंथर नावाच्या ऑस्ट्रियन गड्यानं, आणि तो पळणारा नव्हता. समोरच्याच्या छातीवर उघड्या पंजानं असा हाणायचा की वळ दिसायचे. त्याचे 666 दिवस झाले. 6 एप्रिल 2024 ला फिलाडेल्फियात सामी झेननं त्याला पाडलं. हा झेन पुन्हा माँट्रियलकडचाच, पॅटरसनच्या मुलखातला. पॅटरसन तेव्हा हयात नव्हता, 2020 च्या डिसेंबरात गेला.

"त्या दिवशी झेनची बायको पुढच्या रांगेत बसलेली," माई म्हणाल्या. "गुंथर तिला दाखवून दाखवून मारत होता. जिंकल्यावर हा सरळ तिच्याकडं गेला, मिठीच मारली. सगळ्यांसमोर. ही माझी बायको म्हणून."

एवढं बोलून त्यांनी झाडाकडं हात केला आणि कढीपत्त्याची एक फांदीच मोडून माझ्या हातात दिली. आत कुकरची शिट्टी झाली. मी वळले.

"काय ओ," मागून अण्णांचा आवाज. मला नव्हे, माईंना. "त्या पिंजऱ्यावर आपटून मोडला, त्या पट्ट्याचं पुढं काय केलं?"

"नवा केला. पुढं जो गाजला ना, तो रेजी पार्क्सनं घडवलेला. आधी तो स्वतःच कुस्त्या करायचा, मग पट्टे करायला लागला."

"पैलवान होता?"

"होता की."

अण्णांनी चष्मा काढला. "फोटो आण तो इकडं. जरा मोठा करून दाखव."