पंधरा मिनिटांतला समुद्र

झटपट झणझणीत पास्त्याची कृती म्हणते, ताजी कोळंबी घ्या, पंधरा मिनिटं पुरे. पण कराडहून कुंभार्ली घाट उतरला की लागतं चिपळूण. समुद्र त्याच्याही पुढे. शिवाय सोमवार महादेवाचा, मंगळवार गणपतीचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा. कामाच्या दिवसांत उरले बुधवार-शुक्रवार, तेही श्रावण नसेल तर.

मग सातारा-सांगलीकर आठवडी बाजारातला सुका जवळा काढतो. निवडून कोरडाच भाजायचा, शेजारी खिडक्या लावतात तोवर टोमॅटो आणि सढळ हाताने कांदा-लसूण मसाला. इटलीत मासळीच्या पास्त्यावर सहसा चीज घालत नाहीत. इथं चीजशिवाय पोरं ताट ओढत नाहीत. आजी मात्र विचारते, “या शेवयांना भोकं कुणी पाडली?” आणि भाकरी मागते.