वेड्या बायांचं कौतुक

यवतमाळच्या बसस्थानकात एसटीची वाट पाहताना खांबावरचा 'हरवला आहे'चा कागद आपण वाचतो. उंची, वर्ण, अंगात निळा शर्ट, खाली पोलीस ठाण्याचा नंबर. ज्याला पोलिसांनीच नेलं, त्याच्या घरच्यांनी खाली कुणाचा नंबर द्यायचा?

अशा घरातली बाई विचारत सुटते आणि लोक म्हणतात, वेड लागलं तिला. मला त्या वेडाची स्तुती करायची आहे, अगदी मनापासून.

पुसदवरून हिंगोली ओलांडली की परभणी. तिथला ख्वाजा युनूस, सत्तावीस वर्षांचा इंजिनिअर. २ डिसेंबर २००२ च्या घाटकोपर बॉम्बस्फोटानंतर मुंबई पोलिसांनी त्याला पकडलं. जानेवारी २००३ मध्ये पोलिसांनी सांगितलं की औरंगाबादला नेताना पारनेरजवळ जीप उलटली आणि तो पळाला. सहआरोपी डॉक्टरनं सांगितलं की कोठडीत त्याला पट्ट्यानं मारलं, त्याला रक्ताची उलटी झाली. घरच्यांनी उच्च न्यायालयाचं दार ठोठावलं, सीआयडीनं तपास केला, चार पोलिसांवर खुनाचा आणि पुरावा नष्ट केल्याचा आरोप ठेवला गेला. स्फोटाचा खटला ज्यांच्यावर चालला, ते २००५ साली निर्दोष सुटले. युनूसचा मृतदेह मिळालाच नाही. त्याच्या आईनं मात्र विचारणं सोडलं नाही.

शहाणी माणसं अशा वेळी सल्ला देतात. सात वर्षं माणसाची खबर नसली, तर कायदा त्याला मृत मानू देतो. दाखला काढा, वारसाची नोंद करून घ्या, झालं गेलं विसरा. सल्ला प्रेमानं दिलेला असतो, हे मी मानतो. पण दाखल्यावर मरण्याची जागा कोणती लिहायची? कोठडी की पारनेरचा रस्ता?

अटक करताना मेमो करा, त्यावर वेळ-तारीख आणि घरच्याची किंवा गावातल्या प्रतिष्ठिताची सही घ्या, असं सर्वोच्च न्यायालयानं १९९६ च्या डी. के. बसू निकालात सांगितलं. एवढासा कागद, पण माणूस सरकारच्या ताब्यात आहे हे तो सांगतो. सक्तीनं बेपत्ता करणं म्हणजे नेमकं हेच नाकारणं: माणूस न्यायचा आणि आमच्याकडे नाही म्हणायचं. संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या करारानुसार माणसाचं काय झालं हे कळेपर्यंत हा गुन्हा संपत नाही. घरचेही त्या कराराच्या लेखी पीडित असतात आणि सत्य कळणं हा त्यांचा हक्क असतो. थोडक्यात, आईचं वेड तिथे कायद्याच्या भाषेत लिहिलेलं आहे. भारतानं ६ फेब्रुवारी २००७ ला त्यावर सही केली, पण करार अजून मंजूर केलेला नाही. आपल्या फौजदारी कायद्यात या गुन्ह्याला स्वतंत्र नावही नाही.

अर्जेंटिनात लष्करी राजवटीनं अशा आयांना 'वेड्या' म्हणूनच हिणवलं. ३० एप्रिल १९७७ ला चौदा जणी ब्युनॉस आयर्सच्या प्लाझा दे मायो चौकात जमल्या. घोळक्यानं उभं राहायला बंदी, म्हणून दोघी-दोघी हात धरून चौकाला फेऱ्या मारू लागल्या. डोक्याला बाळाच्या लंगोटाचं पांढरं कापड. त्यांची म्होरकी आसुसेना व्हियाफ्लोर, तिलाही त्याच डिसेंबरात उचलून नेलं. तिची हाडं ओळखू आली २००५ साली, आणि अस्थी त्याच चौकात पुरल्या.

बाकीच्या जणी तोवर दर गुरुवारी फेऱ्या मारतच होत्या.