तळमजल्याचे प्राधान्य

सन २०१५ च्या जूनमध्ये शहरी प्रधानमंत्री आवास योजना जाहीर झाली, तेव्हा २०२२ पर्यंत सर्वांस पक्के घर मिळावे असा संकल्प होता. पुढे ती मुदत डिसेंबर २०२४ पर्यंत लांबली, आणि मुदतवाढ शासनास जितकी सुलभ तितकी सत्तरी ओलांडलेल्या अर्जदारास नसल्यामुळे, तालुक्याच्या गावी भाड्याच्या खोलीत कालक्रमणा करणाऱ्या वृद्धाची प्रतीक्षा गृहनिर्माणापेक्षा योगसाधनेच्याच सदरात मोडते. तथापि शासनास निष्ठुर म्हणण्याचे धाडस आम्ही करणार नाही. वाटपात ज्येष्ठांस तळमजल्याचे अथवा खालच्या मजल्याचे प्राधान्य द्यावे, असे मार्गदर्शक सूचनांत नमूद आहे. मात्र त्याकरिता प्रथम इमारत असावी लागते, आणि तत्पूर्वी उत्पन्नाचा दाखला व देशात कोठेही पक्के घर नसल्याची हमी घेऊन कचेरीचा जिना चढावा लागतो. (कचेरीस तळमजल्याचा नियम लागू नाही.) शिवाय प्रत्येक जिल्ह्यात निदान एक, किमान १५० निराधार वृद्धांचे निवासस्थान टप्प्याटप्प्याने उभारण्याची मुभा ज्येष्ठ नागरिकांविषयीच्या २००७ च्या कायद्याने राज्य सरकारांस दिलेलीच आहे, आणि मुभेची बूज राखण्यात आपल्या सरकारांचा हात कोण धरील?